पीएस३, ६० जीबी: अठरा वर्षं वापरलेला डिस्क प्लेअर

आमच्या दिवाणखान्यात टीव्हीखाली एक काळं, चकचकीत, पाठीला बाक आलेलं यंत्र आहे. कडेने चंदेरी पट्टी, मागच्या लेबलवर ‘सीईसीएचए०१’. सोनीची प्लेस्टेशन ३, ६० जीबीवाली. फेब्रुवारी २००७ मध्ये न्यू जर्सीतल्या एका दुकानातून ५९९ डॉलर मोजून आणली, ती अजून वापरात आहे. मी तिच्यावर गेम खेळले नाही, ते मुलाचं खातं. मी ती डिस्क प्लेअर म्हणून घेतली, तशीच वापरली, आणि इथे लिहितेय तेही डिस्क प्लेअर म्हणूनच. जुनी पीएस३ घ्यावी का, असं अजूनही अधूनमधून कुणीतरी विचारतं. त्यांना एकदा नीट, सविस्तर उत्तर द्यायचं बरेच दिवस मनात होतं.

खरं तर ती फेब्रुवारीत नाही, नोव्हेंबरातच घरी यायची होती. १६ नोव्हेंबर २००६ च्या संध्याकाळी माझा नवरा थर्मासमध्ये चहा, डोक्यावर कानटोपी आणि अंगावर दोन स्वेटर अशा तयारीने रांगेत जाऊन उभा राहिला. दुसऱ्या दिवशी, १७ तारखेला, अमेरिकेत विक्री सुरू होणार होती. रात्री अकराच्या सुमारास दुकानातला माणूस चिठ्ठ्या घेऊन बाहेर आला. चिठ्ठ्या होत्या आठ, याचा नंबर होता चौदावा. साडेबाराला तो रिकाम्या हाताने परत आला. थर्मासमधला चहा तसाच होता, मी तो गरम केला आणि दोघांनी प्यायलो. पुढच्या दोन दिवसांत इंटरनेटवर तीच यंत्रं दुप्पट-तिप्पट भावाने विकायला आलेली बघून त्याला फार वाईट वाटलं. मलाही वाटलं, पण माझा जीव दुसऱ्याच गोष्टीत अडकला होता. यंत्रं इतकी कमी का निघाली, याचं कारण माझ्या विषयातलं होतं.

पुण्याला मी धातुशास्त्र शिकले. त्यामुळे ६ सप्टेंबरला टोकियोत सोनीच्या प्लेस्टेशन विभागाचे प्रमुख केन कुतारागींनी जे जाहीर केलं ते मी पुन्हा पुन्हा वाचलं होतं. युरोपातली विक्री मार्च २००७ पर्यंत पुढे ढकलली. वर्षअखेरीपर्यंत जगभर ४० लाख यंत्रं द्यायची होती, ती २० लाखांवर आली. पहिल्या दिवसासाठी जपानला १ लाख आणि अमेरिकेला ४ लाख. कारण काय, तर यंत्रातल्या ब्लू-रे या नव्या तबकडीला वाचायला लागणारे निळ्या लेझरचे डायोड पुरेसे बनत नव्हते. एवढा प्रोसेसर, एवढी मेमरी, एवढी जाहिरात सगळं तयार, आणि घोडं अडलं ते मोहरीच्या दाण्याहून लहान अशा एका तुकड्यावर.

तो तुकडा गॅलियम नायट्राइडचा. सिलिकॉन वितळवून त्यातून हवा तसा मोठा स्फटिक ओढून काढता येतो. गॅलियम नायट्राइडचं तसं होत नाही. नेहमीच्या दाबाखाली तापवलं तर ते वितळण्याआधीच विघटित होतं, त्यातला नायट्रोजन निघून जातो. म्हणून ते वायूंपासून, दुसऱ्या कुठल्या तरी स्फटिकाच्या चकतीवर, थरावर थर देत वाढवावं लागतं. ती चकती बहुधा नीलमची. पण नीलममधल्या अणूंची अंतरं वेगळी आणि याच्यातली वेगळी. खालची वीण एका मापाची आणि वरची दुसऱ्या मापाची असली की कापडाला सुरकुती पडणारच, तशा इथे स्फटिकात भेगांसारख्या चुकांच्या रेघा उमटतात. साध्या एलईडीला त्या चालून जातात. लेझरमधून मात्र एवढ्याशा जागेतून भरमसाट वीज जाते, तिथे तीच चूक डायोडचा जीव घेते. म्हणून लेझरला नीलमऐवजी खुद्द गॅलियम नायट्राइडचीच निर्दोष चकती लागते. ती तेव्हा छोटी, महाग आणि मोजक्याच लोकांकडे मिळणारी होती, आणि तिच्यावर बनवलेले सगळेच डायोड काही कसोटीला उतरत नसत.

शिकोकू बेटावरच्या तोकुशिमा भागात निचिया नावाची कंपनी आहे. मोठी शहरं सोडून एका बाजूला असलेल्या त्या कंपनीत शुजी नाकामुरांनी १९९० च्या दशकात आधी झगझगीत निळा एलईडी आणि मग हा लेझर करून दाखवला. इसामु अकासाकी आणि हिरोशी अमानो यांच्यासह त्यांना निळ्या एलईडीसाठी २०१४ चं नोबेल मिळालं. तेव्हा मी ऑफिसातल्या मुलींना पेढे दिले होते. कशाचे म्हणून विचारलं तर टीव्हीखालच्या यंत्राचे असं सांगितलं, आणि मग त्यांना सगळं समजावून सांगितलं.

निळाच प्रकाश का, तर तो बारीक लिहितो. बोरूच्या जाड टोकाने एका पानावर चार ओळी बसतात, बारीक निबाने चाळीस. सीडीचा लेझर ७८० नॅनोमीटरचा, डीव्हीडीचा ६५० चा, आणि हा ४०५ चा. त्याचा ठिपका बारीक पडतो, म्हणून तेवढ्याच तबकडीवर डीव्हीडीच्या एका थरात ४.७ जीबी मावायचे तिथे ब्लू-रेच्या एका थरात २५ मावले.

आणि याच डायोडवर दोघांचा डोळा होता. डीव्हीडीच्या जागी येऊ पाहणाऱ्या दोन तबकड्यांत सोनी ब्लू-रेच्या बाजूला, तोशिबा एचडी डीव्हीडीच्या. लेझर दोघांनाही तोच ४०५ चा हवा. एकाच विहिरीवर दोन गावांची मोट, आणि विहिरीला पाणी कमी. फरक एवढाच की तोशिबाला तेव्हा हजारांत लागत होते आणि सोनीला लाखांत, कारण सोनीने तो प्रत्येक गेमच्या यंत्रात घालायचं ठरवलं होतं. एवढा एक भाग बाजूला ठेवून साधा डीव्हीडी ड्राइव्ह बसवला असता तर यंत्र वेळेवर आणि स्वस्तात निघालं असतं. आयसप्लाय या संस्थेने तेव्हा यंत्र उघडून हिशेब मांडला होता. ६० जीबीच्या यंत्राचा खर्च ८४० डॉलर, त्यात ब्लू-रे ड्राइव्ह १२५ चा. म्हणजे दर यंत्रामागे २४१ डॉलरचा तोटा. इतकं पणाला लावणाऱ्यांचं वेडं धाडस मला तेव्हाही आवडलं होतं, आजही आवडतं.

आमच्या घरात मात्र दोन पक्ष पडले. माझे धाकटे दीर आमच्यापासून वीस मिनिटांवर राहतात. त्यांनी डिसेंबरात तोशिबाचा एचडी-ए२ घेतला, ४९९ डॉलरचा. “वहिनी, तुम्ही वाट बघत बसा, आम्ही सिनेमा बघतो,” म्हणाले, आणि ख्रिसमसच्या सुट्टीत आम्हाला जेवायलाच बोलावलं. तिथे मी पहिल्यांदा १०८० ओळींचं चित्र घरच्या पडद्यावर पाहिलं. आधीच्या आठवड्यात मैत्रिणीकडे एका पहिल्या पिढीच्या प्लेअरवर ब्लू-रे पाहिली होती, ती याच्यापुढे फिकी वाटली. कारण साधं आहे. सुरुवातीच्या कितीतरी ब्लू-रे एका थराच्या होत्या आणि त्यांवर चित्र जुन्या एमपेग-२ पद्धतीने दाबून बसवलेलं होतं. एचडी डीव्हीडीवाले व्हीसी-१ ही नवी पद्धत वापरत होते, तेवढ्याच जागेत ती जास्त तपशील राखत असे. मी घरी येताना गाडीत नवऱ्याला म्हटलं, भाऊजींनी घेतलंय तेच बरोबर असेल का?

त्या दिवशीपुरतं बोलायचं तर बरोबर होतंच. एचडी डीव्हीडीच्या प्रत्येक प्लेअरला पहिल्या दिवसापासून इंटरनेटच्या जोडणीची सोय असणं सक्तीचं होतं. सिनेमा चालू असताना कोपऱ्यात दिग्दर्शक बोलताना दिसण्याची सोयही होती. देशांप्रमाणे कुलूप नव्हतं, जपानची डिस्क न्यू जर्सीत चालायची. शिवाय तिची माहिती पृष्ठभागाखाली ०.६ मिलिमीटरवर, अगदी डीव्हीडीसारखीच, त्यामुळे डीव्हीडीच्या कारखान्यात थोडेफार बदल करून ती छापता येत असे. ग्राहकाच्या हातात पडलेली वस्तू म्हणून ती जास्त पूर्ण होती, आणि हे मी ब्लू-रेच्या बाजूची असूनही म्हणते. उणीव जागेची. एका थरात १५ जीबी, दोन थरांत ३०. ब्लू-रेच्या दोन थरांत ५०. आणि सगळे स्टुडिओ तिच्या बाजूला नव्हते, सोनीचे सिनेमे तर मिळणारच नव्हते.

आता आमच्या यंत्राकडे येते. फेब्रुवारीपर्यंत टंचाई ओसरली होती. शनिवारी भाजी आणायला बाहेर पडलो तर त्याच दुकानात तीन खोकी निवांत मांडलेली. नवऱ्याने पाच मिनिटं हात लावून बघितलं, मग उचललं. (लंडनच्या माझ्या मावसबहिणीला त्यानंतरही थांबावं लागलं. २३ मार्चला तिला ४२५ पौंडांना मिळाली, तीही जुने पीएस२चे गेम चालवणारी मूळ चिप कमी केलेली.) खोक्यात एचडीएमआयची वायर नव्हती, पिवळ्या-लाल-पांढऱ्या टोकांची जुनीच होती. एवढ्या किमतीत ती हवी होती.

डिस्क घालायला तबक बाहेर येत नाही. पुढच्या फटीशी डिस्क नेली की आतले रबरी रूळ ती हातातून अलगद ओढून घेतात. डिस्क बाहेर काढायच्या जागी बटण नाही, नुसता स्पर्श केला की टिक असा आवाज येतो आणि निळा दिवा लागतो. माझ्या आईने हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती आधी हात पुसून आली होती. पहिल्या पिढीच्या इतर प्लेअरना सिनेमा सुरू करायला बराच वेळ लागायचा, आमची अर्ध्या मिनिटात चित्र दाखवायची. आत एक संगणकच आहे, त्याचा हा फायदा.

दुसरा फायदा काही वर्षांनी कळला आणि तोच मला सगळ्यात मोठा वाटतो. ती शिकत गेली. मे २००७ मध्ये एका अपडेटने साध्या डीव्हीडीचं चित्र मोठ्या पडद्यासाठी सुधारून दाखवायला लागली. डिसेंबरात कोपऱ्यातल्या चित्राची सोय आली. मार्च २००८ मध्ये डिस्कवरून इंटरनेटला जाण्याची. एप्रिलमध्ये डीटीएस या आवाजाच्या पद्धतीचा पूर्ण, काहीही न गाळलेला आवाज. सप्टेंबर २०१० मध्ये थ्रीडी ब्लू-रे. ज्यांनी २००६ मध्ये हजार डॉलरचे प्लेअर घेतले त्यांना या गोष्टींसाठी नवं यंत्र घ्यावं लागलं. आम्ही रात्री झोपताना अपडेट लावायचो आणि सकाळी तेच यंत्र थोडं जास्त जाणतं होऊन बसलेलं असायचं. एचडी डीव्हीडीपेक्षा जे जे कमी होतं ते असं एकेक करून भरलं गेलं.

आवाजाबद्दल एक सांगून ठेवते, कारण यावर लोक फसतात. हे जुनं मॉडेल डीटीएस-एचडी किंवा डॉल्बी ट्रूएचडी (दोन्ही दाबून साठवलेल्या आवाजाचे प्रकार) तसंच्या तसं रिसीव्हरकडे, म्हणजे स्पीकरना आवाज पुरवणाऱ्या यंत्राकडे, पाठवत नाही. स्वतः उलगडून पीसीएम, म्हणजे न दाबलेला आवाज, करून पाठवतं. रिसीव्हरवर ‘पीसीएम’ अशी अक्षरं दिसली म्हणून आवाज कमी दर्जाचा आला असं नाही. ऐकायला काहीही उणं नाही. आणि ही पहिली मॉडेल्स एसएसीडी, म्हणजे सीडीपेक्षा वरच्या दर्जाच्या आवाजाची तबकडी, वाजवतात, नंतरच्या पीएस३ वाजवत नाहीत. माझ्याकडे एसएसीडी फार नाहीत, अकराच आहेत. पण हेडफोन लावून तानपुऱ्याचं एक आवर्तन मिटत जाताना ऐकलं की मिरजेच्या त्या गल्लीत उभी राहते मी, जिथे दुपारी कारागीर तानपुऱ्यांची जवारी लावत बसायचे. एसएसीडी हाही एका जुन्या भांडणातला भिडू, डीव्हीडी-ऑडिओशी झुंजता झुंजता दोघेही मागे पडले. तिच्यासाठी मुद्दाम ही पीएस३ शोधणारे लोक आहेत, त्यांना मी वेडं म्हणणार नाही.

ब्लू-रेची माहिती पृष्ठभागाखाली फक्त ०.१ मिलिमीटरवर असते, कागदाच्या जाडीइतकी. सुरुवातीला त्यामुळे डिस्क प्लॅस्टिकच्या डबीतच ठेवायची योजना होती. मग टीडीकेने कडक लेप शोधला आणि डबी गेली. मला तो लेप कळला २००९ च्या गौरीजेवणाच्या दिवशी. पाहुण्यांची मुलं खोलीत, मी घाईत, डिस्क खोक्यातून काढताना काचेची बांगडी तिच्यावरून करकरत गेली. या टोकापासून त्या टोकापर्यंत पांढरी रेघ. डीव्हीडी असती तर संपलंच होतं. पदराने पुसली तर रेघच गेली, डिस्कवर काही नाही, बांगडीचीच चमकी होती ती. उजेडात तिरकी धरून पाहिली, पुन्हा पाहिली. मुलांनी सिनेमा शेवटपर्यंत पाहिला, एकदाही अडकला नाही.

गैरसोयी आहेत, त्याही सांगते. पुढे इन्फ्रारेडचा डोळा नाही, त्यामुळे घरातला सगळ्यांचा मिळून एक असलेला रिमोट हिच्यावर चालत नाही. ब्लूटूथचा वेगळा घ्यावा लागला. वीज खाते. मी प्लगला मीटर लावून पाहिलं, सिनेमा चालू असताना पावणेदोनशे वॅटच्या आसपास. आताचे साधे प्लेअर त्याच्या दशांशात भागवतात. उन्हाळ्यात पंख्याचा आवाज शांत प्रसंगात ऐकू येतो. चारही बाजूंनी वीतभर जागा मोकळी ठेवा आणि दर सहा महिन्यांनी जाळ्यांवरची धूळ काढा, निम्मा फरक पडतो. फोर-के डिस्क चालत नाहीत, चालणारही नाहीत. आणि देशांचं कुलूप आहे. अमेरिका आणि जपान ‘ए’ मध्ये, आपला भारत ‘सी’ मध्ये. भारतातून डिस्क मागवताना मागच्या खुणेत फक्त ‘सी’ असेल तर इकडच्या यंत्रावर लागणार नाही, ‘ए’, ‘बी’, ‘सी’ ही तीनही अक्षरं असतील तर बिनधास्त घ्या.

भारताचा विषय निघालाच आहे तर २००७ च्या डिसेंबरमधली गोष्ट. मी मिरजेला गेले तेव्हा आईकडे टीव्हीजवळ व्हीसीडींची चळत होती. मोझर बेअर या भारतीय कंपनीने २८ रुपयांत व्हीसीडी आणि ३४ रुपयांत डीव्हीडी आणली होती आणि दुकानांत त्या चण्याफुटाण्यासारख्या खपत होत्या. माझी एक ब्लू-रे हजार रुपयांना पडत होती. आई अर्ध्या सिनेमाला उठून दुसरी तबकडी घालायची आणि तेवढ्यात चहाचं आधण ठेवायची. निळा जिंकणार की कोण जिंकणार याची तिथे कुणालाही फिकीर नव्हती, आणि ते मला अगदी रास्त वाटलं.

मी परत आले आणि आठवड्याभरातच, ४ जानेवारी २००८ ला, वॉर्नर या सिनेमा स्टुडिओने यापुढे फक्त ब्लू-रे काढणार असं सांगितलं. भाऊजींचा फोन आला. दोनच महिन्यांपूर्वी, २ नोव्हेंबरला, वॉलमार्टमध्ये तोच ए२ ९८ डॉलर ८७ सेंटला लागला होता, तेव्हा त्यांनी सकाळी सकाळी आनंदाने फोन केला होता आणि आणखी एक घेऊनही टाकला होता. या वेळी बराच वेळ ते नुसतेच गप्प होते. मग म्हणाले, “वहिनी, चित्र तर आपलंच चांगलं होतं.” मी हो म्हटलं, कारण सुरुवातीला ते खरंच होतं. फेब्रुवारीत आधी तेव्हा टपालाने डिस्क भाड्याने देणाऱ्या नेटफ्लिक्सने, मग वॉलमार्टने एचडी डीव्हीडीकडे पाठ फिरवली, आणि १९ फेब्रुवारीला तोशिबाने ती बंद करत असल्याचं जाहीर केलं. भाऊजींकडे तिच्या एक्केचाळीस डिस्क आहेत. दोन्ही प्लेअर आजही चालतात. दिवाळीच्या पाडव्याला आम्ही त्यांच्याकडे जातो, तेव्हा त्यांतली एक लागतेच, आणि ते चित्र आजही सुरेख आहे.

ज्या डायोडने नोव्हेंबरात आम्हाला रांगेतून परत पाठवलं, त्यानेच पुढे पारडं फिरवलं असं मला वाटतं. लोकांनी गेमसाठी म्हणून यंत्र नेलं आणि लाखो घरांत ब्लू-रे प्लेअर न मागता पोचला. वेगळा एचडी डीव्हीडी प्लेअर घ्यायला मात्र प्रत्येकाला ठरवून दुकानात जावं लागत होतं. मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स या गेमच्या यंत्रासाठी एचडी डीव्हीडी ड्राइव्ह होता, पण तो वेगळा, वरून १९९ डॉलर देऊन घ्यायचा. मूळ यंत्रात तो कधी बसवला नाही. तोच फरक.

तर आज घ्यावी का? फक्त सिनेमे बघायचे असतील आणि फोर-के टीव्ही असेल तर नको, नवा प्लेअर घ्या, आणि लवकर घ्या. ओपोने २०१८ मध्ये प्लेअर बनवणं थांबवलं, सॅमसंगने २०१९ मध्ये अमेरिकेत, दुकानातली फळी दर वर्षी आखूड होतेय. पण घरात सीडी, एसएसीडी, डीव्हीडी, ब्लू-रे आणि मुलांचे जुने पीएस१, पीएस२ चे गेम असं सगळं एकत्र असेल, तर एवढं सगळं एका फटीतून घेणारं दुसरं यंत्र मला ठाऊक नाही. माझ्याकडून पाचपैकी साडेचार.

जुनी घेताना लेबलवर सीईसीएचए०१ आहे ना ते बघा. पुढे चार यूएसबी आणि झाकणाआड कार्डांचे खाचे असले पाहिजेत. विकणाऱ्याच्या घरी जाताना तीन डिस्क सोबत न्या: एक सीडी, एक डीव्हीडी, एक ब्लू-रे. तिघींना वेगवेगळा लेझर लागतो, त्यामुळे एक वाजली म्हणजे बाकीच्या वाजतीलच असं नाही. सीडी आणि डीव्हीडीला दोन-दोन मिनिटं पुरे. ब्लू-रे दोन थरांची न्या, तिला निदान पंधरा मिनिटं चालू द्या, मधूनच शेवटच्या प्रसंगावर उडी मारून बघा, आणि मगच पैसे काढा.